सुरतेचा गोंधळ आणि बडोद्याची खोली

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही गुजराती म्हण आपल्याकडच्या मराठी घरांतूनही पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गेल्या डिसेंबरात मी सुरतेस गेलो तो मात्र ना जेवणासाठी, ना मरणासाठी. मी भांडणासाठी गेलो होतो. कोटाच्या आतल्या खिशात वकिलाकडून लिहून आणलेल्या नोटिशीचा मसुदा होता, आणि ज्यांच्या हाती तो द्यायचा ते माझे सख्खे थोरले बंधू होते.

ज्या वाचकांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना पुढची हकीकत फार विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आमचा वाडा पणजोबांनी बांधला. आजोबांनी श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानच्या नोकरीत राहून तो वाढवला आणि वडिलांनी तो कसाबसा राखला. माडीला वाळवी लागली आहे, मागची भिंत दर पावसाळ्यात थोडी अधिक झुकते, आणि दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा अजून टांगलेला आहे. दादा तरुणपणीच नोकरीनिमित्त सुरतेस गेले आणि तिथलेच झाले. मी वाड्यात राहिलो. आता दादा ऐंशीला टेकले आहेत, मीही सत्तरी ओलांडली आहे. वाडा विकावा असे दादांचे म्हणणे. विकू नये असे माझे. दोन वर्षे हा वाद चालला. पहिल्या सहा महिन्यांत मोठ्याने बोलणे झाले, पुढच्या सहा महिन्यांत हळू आवाजात, आणि दुसऱ्या वर्षी बोलणेच बंद पडले. निरोप तेवढे पुतण्यामार्फत जात.

यात सांगण्यासारखी आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मी गेली अकरा वर्षे रोज पहाटे देवघरात वीस मिनिटे ध्यानास बसतो. ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन आहे. देह म्हणजे मी नव्हे, काळ हा मनाचा व्यापार आहे, इत्यादी वाक्ये मला इतकी सवयीची झाली आहेत की, झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन. दादा असले काही करीत नाहीत. ते सकाळी वर्तमानपत्र वाचतात आणि दुपारी झोपतात. त्यामुळे आम्हा दोघांत निःस्वार्थी कोण याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नव्हती. दादांना पैसा हवा होता. मला काय हवे होते? केवळ पूर्वजांची स्मृती, काळाच्या पलीकडचा ठेवा. मसुद्यातली भाषाही तशीच उदात्त होती.

गाडी वेळेवर पोहोचली, पण थेट अडाजणला दादांकडे जाण्याचे धैर्य होईना. म्हणून आधी किल्ल्याकडे, तापीच्या काठी गेलो.

सुरतेचा हा किल्ला सोळाव्या शतकातला आहे. अलीकडे त्याची डागडुजी होऊन तिथे संग्रहालय झाले आहे. ज्या बंदरातून एके काळी हजचे यात्रेकरू आणि जगभरचा माल जाई, त्या बंदराचा व्यापार पुढे मुंबईकडे गेला. याच शहरात, कतारगाम दरवाज्याबाहेर, इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटबंद कबरी आहेत. जॉर्ज ऑक्सेंडन हा १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. तो १६६९ साली वारला, आणि आपल्या भावाच्या कबरीवरच दुमजली थडग्यात विसावला. दोन सख्खे भाऊ एका छपराखाली, आणि तेही वाद न होता! मला त्या दिवशी हा विनोद सुचला नाही, आज सुचतो आहे.

त्या दिवशी सुचले ते निराळेच. याच तापीकाठी, फ्रेंच बागेतल्या मांडवात, डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रसभा फुटली. नागपुरास व्हायचे ते अधिवेशन नेमस्तांनी सुरतेस हलवले होते आणि अध्यक्षपदी डॉ. रासबिहारी घोष यांची योजना केली होती. २६ डिसेंबरला गोंधळामुळे सभा तहकूब झाली. २७ तारखेस लोकमान्य टिळक आपली तहकुबीची सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर चढले. त्यांना बोलू देईनात, तेव्हा हाताची घडी घालून ते तिथेच उभे राहिले. इतक्यात कोठून तरी एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलीस आले. हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे लिहून ठेवले. राष्ट्रसभेची ही फाळणी सांधायला १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले, म्हणजे नऊ वर्षे गेली.

काठावर बसून मी विचार करू लागलो. त्या मांडवात लोभी माणूस कोण होता? टिळकांनी तुरुंग भोगला होता आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या वाट्यास मंडालेची सहा वर्षे यायची होती. सुरेंद्रनाथांनी आयुष्य देशकार्यात घालवले होते. दोन्ही बाजूंस त्यागी माणसे, आणि तरीही जोडा उडाला. द्रव्याचा लोभ सुटणे अवघड खरे, पण तो सुटतो. मताचा लोभ मात्र त्यागी माणसालाही सुटत नाही, किंबहुना त्यागाने तो अधिकच तेजस्वी होतो. पैसा मागणाऱ्याला आपण मागतो आहोत याची निदान जाणीव असते. तत्त्व मागणाऱ्याला तीही नसते. खिशातला कागद मला तेव्हा प्रथम जड वाटला.

सुरतेच्या त्या गोंधळात एक मनुष्य असा होता की ज्याच्याशी बडोद्याच्या मराठी घरांचे नाते आहे. श्री अरविंद घोष १८९३ साली विलायतेहून परतून बडोदे संस्थानच्या नोकरीस लागले आणि तेरा वर्षे इथे राहिले. आधी निरनिराळ्या खात्यांत आणि मग महाविद्यालयात इंग्रजी व फ्रेंचचे अध्यापक म्हणून त्यांनी काम केले. खासेराव जाधव, माधवराव जाधव, केशवराव देशपांडे हे त्यांचे जिवाभावाचे मित्र. प्राणायामाचे पहिले पाठ त्यांना मिळाले तेही देवधर नावाच्या एका मराठी इंजिनियराकडून, जे चांदोदच्या ब्रह्मानंदांचे शिष्य होते. १९०६ साली ते बंगालला गेले ते राजकारणासाठी. सुरतेस राष्ट्रीय पक्षाच्या बैठकीचे ते अध्यक्ष होते. त्या बैठकीचे जुने छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. राष्ट्रसभा मोडण्यास कारणीभूत झालेला हुकूम आपण टिळकांना न विचारता दिला, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे.

हा मनुष्य सुरतेहून कोठे गेला? बडोद्यास आला. महाविद्यालयातल्या मुलांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली, असे चरित्रकार सांगतात. पण अरविंदांच्या मनात दुसरेच चालले होते. त्यांची साधना अडली होती आणि वाट दाखवणारा कोणी हवा होता. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी तार केली आणि ग्वाल्हेरहून विष्णु भास्कर लेले नावाचे गृहस्थ आले.

लेले हे नाव आज आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्यांना ना मोठा मठ होता, ना मोठी विद्वत्ता. ते भक्तिमार्गी होते. खासेराव जाधवांच्या घरी दोघांची भेट झाली, आणि मग सरदार मजुमदार यांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली युक्ती अगदी साधी होती. बसा, आणि विचार येतात कोठून ते पाहा. ते आपल्या आत उत्पन्न होत नाहीत, बाहेरून आत येतात. आत शिरण्यापूर्वीच त्यांना परत फिरवा. अरविंदांनी तसे केले. तीन दिवसांत मन निःशब्द झाले. केवळ शांत नव्हे, रिते. त्यात मी म्हणणारा उरला नाही, आणि दिसणारे जग पडद्यावरच्या हलत्या चित्रांसारखे झाले. गंमत अशी की, लेल्यांना हा परिणाम अपेक्षित नव्हता. ते भक्त, त्यांना सगुण हवे होते. झाला तो निर्गुणाचा अनुभव, आणि तो पाहून गुरूच जरा गोंधळले.

इथवरची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. इतके झाल्यावर अरविंद काय करतात? हिमालयात जात नाहीत. लेल्यांसह पुण्या-मुंबईस जातात, कारण व्याख्याने ठरलेली आहेत. १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईस नॅशनल युनियनपुढे बोलायचे आहे, आणि मनात एकही विचार नाही! त्यांनी लेल्यांस विचारले. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. अरविंदांनी नमस्कार केला, ते थांबले, आणि शब्द आले. पुढची व्याख्याने, वर्तमानपत्राचे लेखन, राजकारणातला पत्रव्यवहार, सारे त्याच मौनातून झाले, असे त्यांनी म्हटले आहे.

म्हणजे ही दृष्टी ज्या खोलीत लाभली ती आपल्या शहरातली, ज्याने दाखवली तो आपल्या भाषेतला, आणि ती वापरायची जागा सभा, छापखाना, टपाल, गर्दी. आणि आपण तिला देवघरात वीस मिनिटे कोंडून ठेवले आहे. अलीकडे तर ध्यान ही प्रकृतीची एक सोय होऊन बसली आहे. रक्तदाब उतरावा, झोप लागावी, कामाचा उरक वाढावा म्हणून लोक मोबाइलवर घंटी लावून बसतात. त्यात वाईट काही नाही, मीही औषधे घेतोच. पण ज्या बसण्यातून उठलेला ‘मी’ अधिक टवटवीत, अधिक कार्यक्षम आणि अधिक आपलेच खरे करणारा होतो, ते बसणे लेल्यांच्या खोलीतले नव्हे. माझे अकरा वर्षांचे बसणे असेच होते. पहाटे मी नाही म्हणायचे, आणि दिवस उजाडला की वकिलाकडे जायचे.

असो. दुपारी दादांकडे गेलो.

वहिनी आत झोपल्या होत्या. दादांनी स्वतः चहा केला. हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे माझे उत्तर त्यांच्या वाक्याच्या आधीच तयार होऊ लागले. आता हा खर्च सांगणार. आता पुतण्याचे सांगणार. बाबांच्या आजारपणात कोण होते याचा विषय आला की आपण अमुक बोलायचे. त्या क्षणी तापीकाठचा विचार ताजा होता म्हणून, किंवा मी थकलो होतो म्हणून असेल, पण मी ती उत्तरे येताना पाहिली. खरोखरच ती बाहेरून येत होती. दोन वर्षांची जुनी, वापरून गुळगुळीत झालेली, दारावरच्या ओळखीच्या फेरीवाल्यांसारखी. मी त्यांना आत घेतले नाही. फार वेळ नव्हे, मिनिटभर असेल. साधुत्वाचा दावा करण्याइतका हा अवधी नाही. पण त्या मिनिटात मला दादांचे बोलणे ऐकू आले.

ते म्हणत होते, “आठवड्यातून तीनदा डायालिसिस असतो हिचा. सकाळी सातला नेतो, बारापर्यंत बाकावर बसतो. तुला सांगितले होते मी.”

सांगितले होते. पुतण्याच्या निरोपातही होते. मी त्याचा अर्थ ‘दादा सबबी सांगतात’ असा लावून ठेवून दिला होता.

मी खिशाला हात लावला नाही, पण मसुद्यातले चौथे कलम तोंडून निघून गेलेच. “दादा, बाबांच्या डायऱ्या तुझ्याकडे आहेत. तेवढ्या तरी परत कर.” वडिलांच्या रोजनिश्यांची पेटी दादांनी सुरतेस नेली होती. मी पुष्कळदा मागितली, ते दर वेळी ‘पाहू’ म्हणत. वाड्यापेक्षाही या पेटीचा राग माझ्या मनात अधिक होता.

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, त्या दोन हजार सहाच्या पुरात गेल्या. पेटी तळमजल्यावर होती. सगळा लगदा झाला. तुला तेव्हाच सांगणार होतो, पण तू बाबांचे श्राद्ध करून नुकता कुठे सावरला होतास. मग राहून गेले.”

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला होता, अडाजण-रांदेर तर विशेषच. तेव्हा दोन दिवस दादांचा पत्ता लागत नव्हता आणि मी बडोद्यास टेलिफोनजवळ बसून होतो, हे मला आठवले. पण त्या पाण्यात बाबांचे अक्षर विरघळले हे दादांनी इतकी वर्षे एकट्याने बाळगले. केवळ मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी चोराचा आळ सोसला. ध्यानाला न बसणारा हा मनुष्य! मी निःस्वार्थीपणाचा शोध पोथीत करीत होतो आणि तो ऐंशीव्या वर्षी स्वयंपाकघरात चहा गाळीत उभा होता.

कालातीत म्हणजे काय याचाही उलगडा मला तिथेच थोडा झाला. मी समजत होतो की, जे पुष्कळ टिकते ते कालातीत. वाडा सव्वाशे वर्षे टिकला, म्हणून तो जणू काळाबाहेरचा. पण सव्वाशे वर्षे हा काळच आहे, फक्त लांब. ऑक्सेंडनचे थडगे साडेतीनशे वर्षांवर टिकले आहे, म्हणून ऑक्सेंडन काळाच्या पलीकडे गेला असे कोणी म्हणणार नाही. ज्या मिनिटात मी हिशेब केला नाही, मागचे उकरले नाही, पुढचे योजले नाही, ते मिनिट मात्र काळाच्या जरा बाहेरचे होते. दादांचा रुग्णालयातला बाक कदाचित तसाच असेल. वहिनी बऱ्या होतील ही आशा नाही, आणि काल काय झाले याची तक्रारही नाही. सात ते बारा, एवढेच.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता गहिवर ठरेल.

पहिला आक्षेप असा की, हे पेन्शनरांचे तत्त्वज्ञान आहे. लिंबायत-उधन्याच्या यंत्रमागांवर बारा-बारा तास उभ्या असलेल्या आपल्या खानदेशी बांधवांना ‘मी नाही, काळ नाही’ हे सांगणे म्हणजे त्यांची थट्टा होय. हे मला मान्य आहे. ज्याचा हक्कच हिरावला जातो त्याला हक्क सोडण्याचा उपदेश करणे हा उपदेशकाचा स्वार्थ असतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ही दृष्टी दुसऱ्याला सांगण्याची नव्हेच, स्वतःवर वापरण्याची आहे. तिचा पहिला उपयोग माझ्या हातात असलेल्या गोष्टीवर व्हायला हवा. अरविंदांचेही पाहा. मी उरला नाही म्हणून त्यांनी देशाचा हक्क सोडला नाही. व्याख्यानांतले मागणे होते तेवढेच राहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘मी करीत नाही, माझ्याकडून होते’ हे वाक्य फार धोक्याचे आहे. त्याच १९०८ साली लेले कलकत्त्यास गेले, तेव्हा बारींद्र आणि त्यांचे तरुण सोबती बाँब तयार करीत होते. निःस्वार्थ म्हणाल तर ते असे की, प्राण तळहातावर घेतलेले. लेल्यांनी त्यांना हा मार्ग नव्हे असे बजावले. ते कोणी ऐकले नाही, ही आठवण त्यांच्यापैकीच एकाने पुढे लिहिली आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बाँबने केनेडी नावाच्या मायलेकी मेल्या, ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. दोनच दिवसांनी अरविंदांनाही अटक झाली. वर्षभराच्या खटल्यानंतर, ६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले. त्या तरुणांच्या त्यागाविषयी मला आदर आहे. पण त्या मायलेकींचा विचार केल्यावाचून निःस्वार्थाची थोरवी गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी नाहीसा झाला तरी माझ्या कृतीने दुखावलेला माणूस नाहीसा होत नाही. ज्या मौनातून समोरच्याचे दुःख ऐकू येते ते मौन खरे. ज्यातून फक्त आपल्या कार्याचा नाद ऐकू येतो ते मौन नव्हे, तो बहिरेपणा होय.

आणि यासाठी तीन दिवस खोलीत बसण्याची शक्ती आपणा प्रापंचिकांत नसेल, तर नसो. माझा अनुभव एवढाच सांगतो की, जागा दिवसाकाठी आपोआप मिळत राहते. फोन वाजल्यावर तो उचलण्याआधी. सून काही विचारते तेव्हा ‘मी तर आधीच सांगितले होते’ हे वाक्य ओठावर येते त्या आधी. बँकेच्या रांगेत कोणी पुढे घुसतो तेव्हा. विचार उंबरठ्यावर आहे, आत आलेला नाही, एवढे दिसले तरी पुरे. दहांतून नऊ वेळा तो आत येतोच. माझ्या घरात विचारावे, दाखले भरपूर मिळतील.

तुकोबांच्या चरित्रातली एक परंपरागत कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. कर्जखतांची गाठोडी इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळी बुडवली नाहीत. धाकट्या कान्होबाला त्याची अर्धी आधी देऊन टाकली, आणि मग आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. लहानपणापासून ही कथा मी वैराग्याची म्हणून ऐकली. आता ती मला न्यायाची वाटते. त्याग करायचा तो आपल्या हिश्श्याचा. भावाच्या हिश्श्यावर आपले वैराग्य लादायचे नाही, आणि आपले प्रेमही लादायचे नाही. मी पूर्वजांच्या स्मृतीचा त्यागी रखवालदार म्हणवीत होतो, पण ज्या अर्ध्यावर मी ती स्मृती राखीत होतो तो अर्धा दादांचा होता, आणि त्याची किंमत वहिनी आठवड्यातून तीनदा मोजत होत्या.

संध्याकाळी वहिनी उठल्या. “भाऊजी, राहणार ना आज?” एवढेच त्यांनी विचारले. मी राहिलो. मसुदा खिशातच होता. तो फाडण्याचे नाटक मी केले नाही, कारण कागद फाडल्याने माणूस बदलतो असे मला वाटत नाही. तो माझ्या कपाटात आहे, आणि मला अधूनमधून त्याची आठवण होणे बरे. बडोद्याच्या परतीच्या गाडीत मी पुतण्याला कळवले की, विक्रीस माझी संमती आहे, आणि रकमेतून आधी वहिनींच्या औषधपाण्याचे काय ते निघू दे, उरेल त्याची वाटणी मग पाहू.

हे लिहीत असताना कागदपत्रांचे काम चालू आहे. दिवाणखान्यातली तसबिरींची जागा भिंतीवर पांढरी उमटून दिसते. वाईट वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पहाटे देवघरात बसतो तेव्हा पुष्कळदा वाडाच डोळ्यांपुढे येतो. तो उंबरठ्यावर येतो, मी पाहतो, कधी परत जातो, कधी आत येऊन बसतो.

दादांकडे मी एकच गोष्ट मागितली आहे. दिवाणखान्यातला झोपाळा मला हवा. ते हसून ‘ने’ म्हणाले. त्यावरून एवढे निश्चित होते की, लेल्यांच्या खोलीपर्यंत पोहोचायला मला अजून अवकाश आहे.